माळावर खड्डे खणणारे आम्ही

२०१९ च्या जुलैत आम्ही गावच्या माळावर ११०० झाडं लावली. आम्ही म्हणजे गावातून पुण्याला येऊन चिकटलेली पोरं, कुणी बँकेत, कुणी हिंजवडीत, तिघं चाकणला, आणि आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप ज्याच्यावर एरवी गुड मॉर्निंग आणि आयपीएल सोडून काही नसतं. एका मित्राच्या कंपनीने सीएसआरमधून पैसे दिले, हिरवे टीशर्ट दिले, भला मोठा बॅनर दिला, सरपंच आले, शाळेची पोरं आली, वडापाव आले (थंडगार), फोटो झाले. त्या वर्षी राज्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं. आधी २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३ आणि मग एकदम ३३, म्हणजे वातावरणच असं होतं की ज्याने खड्डा खणला नाही तो माणूस पर्यावरणाचा वैरी. आम्ही तर स्वतःच्या पैशाने गाडी करून गेलेलो, त्यामुळे परत येताना छाती जरा फुगलेलीच होती.

आज त्याबद्दल लिहितोय कारण ते काम चुकलं होतं, आणि चुकलं हे कळायला मला तीन-चार वर्षं आणि एका मेंढपाळाची टिंगल लागली.

आधी माळ सांगतो. बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ऊस, कॅनॉल, कारखाने असं काय काय येतं. आमची बाजू ती नाही. आम्ही सुप्याकडचे, जिरायती, पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही त्याच्या मनात आलं तर. गावाच्या वरच्या अंगाला माळ, मे महिन्यात बघाल तर नुसता मुरूम, दगड, वाळून पांढरं पडलेलं गवत, मधेच एखादी बोर, एखादा हिवर, बास. पाहुणे आले की म्हणायचे, काय ओसाड आहे हो तुमच्याकडं. मग जूनला दोन पाऊस पडले की आठ-दहा दिवसात हिरवी लव धरते आणि दसऱ्याच्या सुमाराला तेच गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं, तांबूस सोनेरी, आणि संध्याकाळी वारा सुटला की अख्खा माळ एका बाजूला वाकतो. पण तेव्हा पाहुणे येत नाहीत.

लहानपणी माळावरून घरी आलं की पायजमा कुसळांनी भरलेला असायचा आणि आजी दारातच बसवून एकेक कुसळ उपटायची, शिव्या देत देत. कुसळ कधी जवळून बघितलंय का? टोक भाल्यासारखं, त्याच्यावर मागं वळलेले केस, त्यामुळे एकदा घुसलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. आणि मागं लांब शेपटी, पीळ पडलेली. ही शेपटी ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो, आणि या सगळ्या फिरण्यात ते बी स्क्रूसारखं जमिनीत जातं. म्हणजे स्वतःचा खड्डा स्वतःच खणणारं बी. तिथं आम्ही अकराशे कुदळ्या घेऊन गेलो. (कुदळ्या वीसच होत्या, पण लिहिताना हात सैल सुटतो.)

तर त्या दिवशी खड्डे चालू असताना तात्या आले. तात्या आमच्या गावचे धनगर, दीडेकशे मेंढरं, दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जाणार आणि पावसाच्या तोंडावर परत. काठीवर हनुवटी टेकून थोडा वेळ बघत बसले. मग म्हणाले, "आरं पोरांनो, हितं खड्डं कशापायी?"

मी म्हटलं, झाडं लावतोय तात्या, माळ पडीकच आहे ना.

"पडीक? मंग माझी मेंढरं आजवर काय हवा खात व्हती व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. तात्याही हसले, तंबाखू मळली, आणि मेंढरं घेऊन खालच्या अंगाला गेले. कुणीच त्या वाक्याचा विचार केला नाही, कारण बॅनरवर लिहिलेलं होतं "पडीक माळरान हिरवे करूया" आणि बॅनर फ्लेक्सवर छापलेला असल्यामुळे तो खरा असणार.

पण सगळा घोळ त्या एका शब्दातच आहे. पडीक. सातबाऱ्यावर बघा, पड, पोटखराबा, गायरान. केंद्र सरकारचा देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो त्यात गवताळ आणि झुडपी जमिनीचे मोठमोठे तुकडे "वेस्टलँड" म्हणून रंगवलेले असतात. आता ज्या जमिनीला कागदावरच वाया गेलेली म्हटलं तिथं काहीही आणून टाकायला कुणाची हरकत असणार. झाडं टाका, प्लॉटिंग टाका, सोलर टाका, एमआयडीसी टाका, मेलेल्या कोंबड्या टाका. जंगलातलं एक झाड तोडलं तर लोक मोर्चा काढतात, आणि काढायलाच पाहिजे, पण माळाच्या शंभर एकरावर जेसीबी फिरला तर लोक म्हणतात चला विकास आला.

आणि त्या "काहीच नाही"मध्ये राहतंय कोण ते तरी बघा. आमच्या जवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, सुप्याला, १९९७ मधे झालेलं, आकार फक्त ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवाराच्या साधारण तिप्पट. तिथं चिंकारा आहेत. पण चिंकाऱ्याला अभयारण्याची हद्द कुठं वाचता येते, तो सकाळी अभयारण्यात, दुपारी आमच्या माळावर आणि रात्री कुणाच्या तरी हरभऱ्यात. लांडगा तर अभयारण्यात मावतच नाही. भारतात लांडगे सगळे मिळून अंदाजे तीन हजारच्या आसपास आहेत, म्हणजे वाघापेक्षा कमी, आणि त्यातले बहुतेक असल्या कुणाच्याच नसलेल्या माळांवर आणि शेतांच्या कडेला राहतात. मग खोकड आहे, मुंगूस आहे, घोरपड आहे. थंडीत मध्य आशियाकडून भोवत्या येतात, ते शिकारी पक्षी असून रात्री झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवर झोपतात, आणि दिवसभर नाकतोडे खातात. शेतकऱ्याचे फुकटचे नोकर. फक्त त्यांना झोपायला गवत लागतं.

मला सगळ्यात आवडतो तो धाविक पक्षी. विटकरी अंग, डोळ्यावरून पांढरी आणि काळी पट्टी, उंच पांढरट पाय. पळतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, परत पळतो, जणू बस चुकतेय. तो मला माहितीच नव्हता. म्हणजे बघितलेला असणार लहानपणी शंभरदा, पण टिटवीचंच पिल्लू असेल म्हणून सोडून दिलेला असणार. २०२२ मधे पुण्यातल्या एका पक्षी बघणाऱ्या मैत्रिणीने विचारलं तुमच्याकडं धाविक दिसतो का, मी म्हटलं तो काय असतो, तिने फोटो दाखवला, आणि आम्ही सुट्टीत गेलो बघायला. आमच्या लागवडीच्या पट्ट्यात एकही नाही. पलीकडे जिथं खड्डे पोचले नव्हते, कारण त्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि आम्ही काम आटोपतं घेतलं होतं, तिथं सात दिसले. मैत्रीण काही बोलली नाही. दुर्बीण माझ्याकडं दिली फक्त.

झाडांनी काय बिघडतं हे मला तिने नंतर चहाच्या टपरीवर समजावलं आणि ते फार साधं आहे. माळावरचे पक्षी अंडी जमिनीवर घालतात, उघड्यावर. घरटं म्हणजे काय तर चार खडे बाजूला सारलेले. त्यांचं सगळं संरक्षण म्हणजे चारी बाजूंनी लांबवर दिसणं. तिथं तुम्ही झाड लावलंत की पहिला येऊन बसतो कावळा. त्याला उंचावर बसायला जागा मिळाली, वरून सगळं दिसतंय, कुठं टिटवी उठली, कुठं चंडोल उतरला. म्हणजे आम्ही कावळ्यांना अकराशे मचाणं बांधून दिली होती. वर सावलीखाली गवत विरळ होतं ते वेगळंच, आणि विरळ गवतात नाकतोडे कमी, नाकतोडे कमी तर भोवत्याही कमी.

टिटवीवरून आठवलं, त्या दिवशी खड्ड्यांच्या ओळीत टिटवीची चार अंडी निघाली होती. मातकट, काळे डाग, खड्यात खडा, एकाचा बूट पडता पडता राहिला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून नुसती बोंबलत होती. आम्ही फार संवेदनशील लोक ना, आम्ही अंड्यांभोवती दगडांचं कडं केलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, सदोतीस हार्ट आले, आणि कड्यापासून चार फुटांवर पुढचा खड्डा खणला. दोन दिवसांनी चुलतभावाला बघायला सांगितलं तर कडं होतं, अंडी नव्हती. टिटवी समुद्र आटवते म्हणतात. पण गोष्टीतल्या टिटवीच्या मदतीला गरुड आला होता, आमच्या टिटवीच्या नशिबी आम्ही आलो.

आणि लावलेली झाडं? करंज, काशीद, गुलमोहर, थोडे कडुनिंब, आणि निम्म्याहून जास्त गिरिपुष्प, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. दुसऱ्या उन्हाळ्यात करंज आणि काशीद गेले, गुलमोहर तर पहिल्याच. टँकरने पाणी घालायचं ठरलं होतं, दोन महिने घातलं, मग लॉकडाऊन लागला आणि सगळंच राहिलं. जगलं ते गिरिपुष्प. ते मुळचं मध्य अमेरिकेचं, त्याला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणूनच तर लावतात, टक्केवारी दाखवायला बरं पडतं, एवढे टक्के जगली म्हणून. मेंढरं खात नाहीत, हरीण खात नाही, पण रिपोर्टमधे हिरवं दिसतं.

यावर लोक म्हणतात की बाबा, मुळात हे जंगलच असणार ना, माणसाने तोडून तोडून माळ झाला, मग परत जंगल केलं तर वाईट काय. मीही हेच धरून चाललो होतो. शाळेत तसंच शिकवलंय, झाडं म्हणजे निसर्ग, झाडं नाहीत म्हणजे निसर्गाचा नाश. पण २०२५ मधे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांचा एक अभ्यास आला, तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. त्यांनी माळाचा इतिहास शोधायला काय वापरलं तर आपल्या जुन्या मराठी कथा, ओव्या, धनगरांची गाणी, देवांच्या उत्पत्तीच्या गोष्टी. त्यात कुठली कुठली रानझाडं येतात ते काढलं. एकंदर ४४ रानटी वनस्पती सापडल्या आणि त्यातल्या २७ माळरानातल्या, काटेरी, उघड्यावरच्या. दाट जंगलाची म्हणता येतील अशी फक्त तीन. निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ किमान साडेसातशे वर्षं तरी माळच आहे. म्हणजे यादवांच्या काळातही पाहुणे आले असते तर म्हणाले असते, काय ओसाड आहे हो तुमच्याकडं.

खरं तर हे कळायला पेपर कशाला पाहिजे होता. आमचे देव बघा ना, खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा, सगळे माळाचे, मेंढरांचे, घोड्याचे. आजीच्या जात्यावरच्या ओवीत बोर आहे, बाभूळ आहे, तरटी आहे. साग नाही, आणि गुलमोहर तर नाहीच नाही.

आता माळढोक पक्ष्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मी तो बघितलाय. माझे मामा उत्तर सोलापूरचे, नान्नजच्या जवळचे. १९९३ किंवा ९४ असेल, दिवाळीच्या सुट्टीत मामांनी सायकलवर डबलसीट नेलं, वनखात्याचा एक माणूस ओळखीचा होता त्याने लांबून दाखवला. गवतातून एक म्हातारा चाललाय असं वाटलं, पांढरी मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, एकेक पाऊल मोजून टाकतोय. एवढा मोठा पक्षी की नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मी मामांना विचारलं हा उडतो का, मामा म्हणाले, "उडतोय की, आपल्याच जिवावर उडतोय."

मामांचा राग समजून घ्यायला पाहिजे. १९७९ मधे माळढोक अभयारण्य झालं ते कागदावर ८४९६ चौरस किलोमीटरचं. गोवा राज्य ३७०२ आहे, म्हणजे दोन गोवे बसून वर जागा उरेल. त्यात अख्ख्या तालुक्यांची गावं, घरं, विहिरी, शेतं आली. जमीन विकायची तर अडचण, बांधायचं तर परवानगी, पोरीच्या लग्नाला दोन एकर काढायचे तर गिऱ्हाईक नाही. मामांच्या गावात माळढोक ही शिवी झाली होती. पुढं कोर्टकचेऱ्या होऊन ते क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोवर लोकांच्या मनात पक्षी आणि खातं एकच झालेलं. बरं गंमत बघा, कागदावर एवढं मोठं राखीव, आणि प्रत्यक्षात माळढोक टिकला कुठं तर वनखात्याने राखलेल्या गवताच्या थोड्याशा प्लॉटांवर आणि त्याच्या आजूबाजूच्या ज्वारी-करडईच्या शेतांत. नंतर पाणी आलं, ज्वारी गेली, ऊस आणि द्राक्षं आली, द्राक्षाला तारा आणि लोखंडी मांडव आले, विजेच्या लाइनी आल्या. माळढोकाची मादी वर्षाला एक अंडं घालते, एक, आणि तेही जमिनीवर. समोरचं त्याला नीट दिसत नाही, डोळे बाजूला, अंग जड, तार दिसेपर्यंत वळायला वेळ नसतो.

देशात २०१८ च्या सुमाराला सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरले होते, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं. तिथंही तारांचाच प्रश्न, भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजाने थर वाळवंटातल्या ४२०० चौरस किलोमीटरच्या एका पट्ट्यात वर्षाला ८४ हजार पक्षी, सगळ्या जातींचे मिळून, तारांना धडकून मरतात. २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखाली घाला म्हटलं, २०२४ ला तो आदेश सौम्य केला. आता जैसलमेरला पिंजऱ्यात पैदास चालू आहे, २०२४ मधे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. चांगलंच आहे. पण ते पिल्लू मोठं करून सोडणार कुठं? नान्नजला आता एखादी मादी दिसली तरी पेपरात येते. मागच्या वर्षी मामांना फोटो दाखवला त्या पिल्लाचा, ते ऐंशीच्या घरात आहेत, बराच वेळ मोबाइल लांब-जवळ करून बघितला आणि म्हणाले, "आवाज लई लांब जायचा रं त्येचा. हूऽऽम असा. पहाटं झोपमोड व्हायची." रागावून नव्हते म्हणत.

परत आमच्या माळावर येतो. झाडं हा आमचा गुन्हा, पण माळ खाणारे आम्ही एकटे नाही. वरच्या बाजूला प्लॉटिंग आलंय, "निसर्गाच्या सान्निध्यात", सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार, आत हिरवी जाळी, दोन नारळाची झाडं आणि एक गेट. कामाला जाताना हायवेवर अशा एका स्कीमचा बोर्ड दिसायचा, त्यावर चिंकाऱ्याचा फोटो होता. २०१६ ला मीसुद्धा अकरा गुंठे बघून आलोय, खोटं कशाला बोलू. एजंट म्हणाला सकाळी गॅलरीतून हरणं दिसतील सर. घेतला नाही तो हप्ता झेपत नव्हता म्हणून, चिंकाऱ्याचा विचार करून नाही. आता तिथं इतकी कुंपणं झालीत की हरणाला माळाच्या या टोकावरून त्या टोकाला जायचं तर रस्त्यावरूनच जावं लागतं, आणि रस्ता चौपदरी.

दुसरी भानगड कुत्र्यांची. आमच्या भागात पोल्ट्री वाढल्या. मर झाली की मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून रात्री कुठं टाकणार, माळावर, कारण माळ पडीक. त्याच्यावर कुत्री पोसली गेली, पाच-पाच सहा-सहाची टोळी, कुणाच्याच मालकीची नाहीत आणि माणसाला भीत नाहीत. ती चिंकाऱ्याची पाडसं पळवून पळवून मारतात. त्याच पोत्यांवर लांडगाही येतो, म्हणजे दोघे एका ताटात जेवायला लागले, मग एकमेकांचे रोग आले, रेबीज, डिस्टेंपर. आणि पुढची पायरी, पुण्याच्या आसपास लांडगा-कुत्रा संकर झालेली जनावरं दिसली, रंग पिवळट, डीएनए तपासून सिद्धही झालं. बंदुकीने संपवलेला प्राणी निदान मोजता तरी येतो. हा असाच चालत राहिला तर लांडगा दिसत राहील, आणि लांडगा उरलेला नसेल.

तात्यांना मी विचारलं होतं, लांडगं मेंढरू नेतं तेव्हा राग येत नाही का. येतो की, म्हणाले, "पर त्येचा वाटा हाय. आमची म्हातारी म्हणायची, लांडग्यानं एक न्हेलं की मेंढरांचा वाडा वाढतोय. कुत्र्यांचं तसं न्हाय. लांडगं एक न्हेतं आन् जातं. ही कुत्री धा फाडत्यात आन् एक बी खात न्हाईत." नुकसान भरपाईचा फॉर्म भरायला तालुक्याला जायचं तर दिवस मोडतो, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत मेंढी वास मारते, त्यामुळे ते जातच नाहीत. हे काय तात्यांचं एकट्याचं नाही, कुठल्याही वाड्यावर विचारा.

एक चांगली गोष्टही सांगतो नाहीतर म्हणाल नुसता रडतोय. इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आहे, तिथं गवत राखलंय आणि चिंकारा आरामात दिसतात, आता वनखात्याने तिथं आणि आमच्या तालुक्यातल्या शिर्सुफळला माळरान सफारी सुरू केलीय, ऑनलाइन बुकिंग करून जाता येतं. मी आईला घेऊन गेलो. आई पूर्ण वेळ म्हणत होती, हे बघायला पैसे भरले? हे तर आपल्याकडं होतं की. आणि मग अचानक गप्प झाली, कारण "होतं" असं तिच्याच तोंडून निघालं होतं.

या वर्षी मे मधे ग्रुपवर परत मेसेज आला. वृक्षारोपण २.०, खड्डे पाचशे, कोण कोण येणार, हात वर करा. मी मोठा मेसेज लिहिला, जवळपास या पोस्टएवढा, की बाबांनो झाडं जरूर लावू पण ओढ्याकाठी लावू, शाळेच्या आवारात लावू, रस्त्याच्या कडेला वड-चिंच लावू, माळ सोडा, आणि मागचे गिरिपुष्प काढता आले तर काढू. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग एकाने लिहिलं, "भावा तू झाडांच्या विरोधात गेलास का?" आणि हसण्याची सहा तोंडं. मग फोनाफोनी, चर्चा, एक जण रुसला, एकाने गुगल मॅपवर ओढा शोधला. शेवटी तोडगा निघाला तो असा की साडेचारशे झाडं ओढा आणि शाळेत, आणि पन्नास माळावरच, कारण कंपनीला ड्रोन शॉट पाहिजे आणि ओढ्यात ड्रोनला मोकळी जागा मिळत नाही.

त्या पन्नासांसाठी निदान देशी काटेरी घ्या म्हणून भांडलो, बोर आणि हिवर मिळाले, आणि ते धाविकाच्या पट्ट्यात न लावता जुन्याच गिरिपुष्पाच्या जागेवर लावायचे हे कबूल करून घेतलं. दहा-बारा उंदीरमारी उपटली आम्ही, मुळं अशी की चौघांना एक येत नव्हतं. तात्या आले होते. काठीवर हनुवटी. बराच वेळ आमची ओढाताण बघितली आणि म्हणाले, "मागल्या टायमाला लावायला किती लोकं व्हती रं?"

ऐंशी तरी असतील, मी म्हटलं.

"आन् काढाया?"

आम्ही सहा होतो. त्यातला एक व्हिडिओ काढत होता.